गालातलं पाणी

भाची मोरीतून बाहेर आली तेव्हा तिचे दोन्ही गाल फुगलेले होते. झालं ते एवढंच. दारापाशी ती क्षणभर थबकली, आई येतेय का याची चाहूल घेतली, घोट हळूच गिळला आणि शहाण्या मुलीसारखी खुर्चीवर बसून तिने जीभ वर केली. वहिनीने थर्मामीटर जिभेखाली ठेवला. तो टुक् करून वाजला. “बघा वन्सं, नॉर्मल. रात्री अंग कोमट लागलं म्हणून मी उगाच धसका घेतला. उठा राणीसरकार, बूट चढवा. तुमच्या शर्यतीसाठी जग खोळंबलंय.” भाची उठली, दप्तर पाठीला लावलं, आणि जाता जाता आत्याकडे बघून एक डोळा बारीक केला. आत्याने पाहिलंय हे तिला कळलं होतं. आत्या सांगणार नाही, हेही तिने गृहीत धरलं होतं. आत्याने, म्हणजे ज्यांना शहरातल्या हॉस्पिटलातल्या मुलांच्या वॉर्डाने नुसतं ‘सिस्टर’ म्हणून ओळखलं त्यांनी, खरोखरच काही सांगितलं नाही. तोंड उघडलं होतं. जीभ टाळ्याला लागली होती. तेवढ्यात खाली भावाच्या स्कूटरचा हॉर्न वाजला, जिन्यावर बूट दणदणले, आणि सिस्टरांच्या हातातल्या चहावर हळूहळू साय धरायला लागली.

“आज त्यांचा फोन यायचाय ना? त्या परदेशातल्या शाळेतल्या मोठ्या बाईंचा?” वहिनी ऑफिसची पर्स शोधत म्हणाली. “हे बघा, पटकन हो म्हणून मोकळ्या होऊ नका. मागच्या वेळी परत आलात तेव्हा अंगावर कपडे नुसते टांगल्यासारखे होते. नोकरी संपली, आता जरा घरात बसा. पुण्य काय तुम्ही एकटीनेच करायचं ठरवलंय का?” सिस्टर हसल्या. हसणं सोपं असतं, ते आतून यावं लागत नाही. वहिनी गेली. घर गप्प झालं. मोरीतला नळ भाचीने नीट बंद केला नव्हता. थेंब बादलीत पडत होता. सिस्टर उठल्या, नळ बंद केला, आणि तोटीखाली हात धरून उभ्या राहिल्या. तोटी थंडगार होती. पण तिथल्या नळाइतकी नाही. तिथलं पाणी दातांच्या मुळाशी कळ काढायचं.

त्यांनी चपला घातल्या. कुठे निघालो हे पायांना ठाऊक होतं, डोक्याला नंतर कळलं. भाचीच्या शाळेकडे जाणारी बस थांब्यावर उभीच होती. खिडकीशी बसल्यावर त्यांनी उजवा हात मांडीवर उताणा ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. हा हात उभी हयात मुलांच्या कपाळांवर फिरला होता. नव्या नर्सेस थट्टा करायच्या, सिस्टर, तुमचा हात गहाण ठेवला तर अख्खं थर्मामीटरचं दुकान येईल. आणि परत आल्यापासून हाच हात त्यांनी कुठल्याही मुलाच्या अंगाला लावला नव्हता. काल रात्री वहिनी म्हणाली होती, वन्सं, जरा हात लावून बघा हो पोरीला. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, माझे हात ओले आहेत, सकाळी थर्मामीटर लाव. हात ओले नव्हते.

वडील गाऊन कथा सांगत. उभे राहून, खांद्यावर उपरणं, एक ओळ गायची, तिच्यावर बोलायचं, हसवायचं, रडवायचं, माणसं पार भरकटली की पुन्हा त्याच ओळीवर आणून सोडायचं. लहानपणी सिस्टरांना वाटे, ओळ म्हणजे खुंटी आहे, बाबा किती लांब गेले तरी दावं तिलाच बांधलेलं. बाबांची एक लाडकी ओळ होती, त्यांनी स्वतःच जुळवलेली: दुखणे माझे तुला ठावे, तोंडाने मी का सांगावे. देवाला म्हटलेली. मोठ्या झाल्यावर आजाऱ्यांमध्ये वावरताना सिस्टरांना ती ओळ उलटी ऐकू यायला लागली. देव ठीक आहे, पण खाटेवरचं मूलसुद्धा नर्सकडे बघून हेच म्हणतं. तुला ठावे. आणि नर्सला ठाऊक असावं लागतं. नोकरी संपल्यावर पुण्य-बिण्य करायला त्या परदेशातल्या त्या शाळेत गेल्याच नव्हत्या. ही ओळ घेऊन गेल्या होत्या, एवढंच. बिनपगारी, राहायला एक खोली आणि दोन वेळचं जेवण.

माळावर पत्र्याच्या छपरांची शाळा. आजूबाजूच्या वस्त्यांतली, ज्यांच्या घरी चूल पेटेलच असं नाही अशा घरांतली मुलं; तिथेच शिकायची, तिथेच जेवायची, गाद्या शेजारी शेजारी टाकून तिथेच झोपायची. सिस्टरांच्या वाट्याला आजाऱ्यांसाठीची दोन खाटांची खोली आली. पहिल्याच दिवशी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकेने, नियम सांगितला. ताप असलेलं मूल त्याच दिवशी घरी. मागे एकदा एका गादीवरचा ताप सगळ्या गाद्यांवर पसरला होता, काही मुलं गेली होती, तेव्हापासून पैसे देणाऱ्यांनीच ही अट घातली होती. सिस्टरांना नियम पटला. त्यांच्या वॉर्डातही त्यांनी हेच केलं असतं. रोज सकाळी वर्ग भरण्याआधी अंगणात रांग लागायची, त्या काचेचा थर्मामीटर एकेका जिभेखाली ठेवायच्या आणि त्या भाषेतलं शिकलेलं पहिलंच वाक्य बोलायच्या: कुठे दुखतंय? मुलं एका सुरात उत्तर द्यायची: कुठेच नाही! जणू पाढा म्हणताहेत. सुरुवातीला एका मुलाला ताप निघाला, तो दुपारी मालाच्या एका ट्रकमध्ये बसून घरी गेला. पुढे काही दिवसांनी सिस्टरांनी विचारलं, तो परत कधी यायचाय? मोठ्या बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. “कोण?” त्या म्हणाल्या. त्याच्या गादीवर तोवर दुसरं मूल झोपायला लागलं होतं. त्यानंतर मात्र ताप बंद झाले. सगळी रांग ठणठणीत. सिस्टरांनी भावाला फोनवर कौतुकाने सांगितलं, इथली हवाच अशी आहे, कुणी आजारीच पडत नाही. भाऊ म्हणाला, “मग तुला काय तिथं माश्या मारायला बोलावलंय?” दोघं पोटभर हसली होती.

बस सिग्नलला थांबली. शेजारच्या बाईच्या कडेवरचं मूल सिस्टरांच्या हाताशी खेळू लागलं, त्यांनी हात हळूच पदराखाली घेतला. मग त्यांना गालफुगी आठवली. म्हणजे आठवायची वेळ आली. इतका वेळ ती जणू बसच्या मागच्या बाकावर बसून होतीच. नाव वेगळं होतं, जिभेवर नीट बसायचं नाही, म्हणून सिस्टरांनी मनातल्या मनात ठेवलेलं हे नाव. आठ-नऊ वर्षांची, पुढचा एक दात अर्धा. रांगेत ती नेहमी गाल फुगवून उभी असायची आणि सिस्टरांना तो तिचा चाळा वाटायचा. एक दिवस मागच्या मुलीने गुदगुल्या केल्या, गालफुगीला हसू फुटलं, आणि तोंडातलं सगळं पाणी सिस्टरांच्या एप्रनवर उडालं. बर्फासारखं. रांग चिडीचूप झाली. सिस्टरांनी पोरीच्या कपाळाला हात लावला. कपाळ तव्यासारखं होतं. मग पुढच्याच्या कपाळाला. मग त्याच्या पुढच्याच्या. सगळे नाही, पण दोघं-तिघं चांगले फणफणले होते, आणि सगळ्यांच्या हनुवट्या ओल्या होत्या. अंगणाच्या कोपऱ्यातल्या नळाखालची जमीन रोज का भिजलेली असते, ते त्यांना त्या घडीला कळलं. गालफुगी वर बघत होती. डोळ्यांत विनवणी नव्हती, नुसता अंदाज होता, ही बाई काय करील याचा. तिची आई कुठे तरी लांब कामाला गेली होती, ती परतली नव्हती, आणि घर म्हणजे मामा. मामा विटांच्या भट्टीवर पोरं पुरवायचा. हे सगळ्या शाळेला माहीत होतं. दुखणे माझे तुला ठावे. सिस्टरांनी एप्रन झटकला आणि तोडक्यामोडक्या भाषेत म्हणाल्या, “सांडलं ना सगळं? जा, परत घेऊन ये.”

देवा, त्या दिवसांइतकं हलकं त्यांना कधी वाटलं नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांचे हुकूम पाळले, सह्या घेतल्या, सह्या दिल्या. इथे पहिल्यांदा मनाला जे बरोबर वाटलं तेच हाताने केलं. रांगेत त्या गंभीर चेहऱ्याने काच वर धरून पारा बघायच्या, मुलं गंभीर चेहऱ्याने तपासून घ्यायची, आणि मधल्या सुट्टीत ज्यांची कपाळं तापलेली असतील त्यांना बँडेजच्या पट्ट्या गुंडाळायला म्हणून खोलीत बोलवायच्या. गोळी, ओला कपडा, घटकाभर झोप. त्या बाबांची ओळ गुणगुणत असायच्या. ताप यायचे तसे जायचे. मुलांचे ताप बहुतेक जातातच, हे त्यांनी वॉर्डातही पाहिलं होतं. बहुतेक. या शब्दावर त्या तेव्हा थांबल्या नव्हत्या. एका गादीवरून दुसऱ्या गादीवर जाऊ शकला असता असा ताप त्यांच्या नाकासमोरून रोज वर्गात जाऊन बसत होता, हा विचारही मनात यायचा, पण त्या त्याला दारातच थोपवायच्या, पाहुण्याला वाईट वेळी आला म्हणून थोपवावं तसं.

आणि मग ती सकाळ. गालफुगीला आदल्या दिवशीही ताप होता. गोळी दिली होती. सकाळी रांग लागायच्या आधी सिस्टर खोलीच्या पायरीवर उभ्या राहून बघत होत्या. मुलं नळाला वाकून तोंड लावत होती. गालफुगी वाकली नाही. नळासमोर काठीसारखी सरळ उभी राहिली, एकदा प्रयत्न केला, थांबली. मग ती गुदगुल्या करणारी मुलगी पुढे झाली, तिने ओंजळ भरली आणि गालफुगीच्या ओठांशी नेली. गालफुगी मान ताठ ठेवून, डोळे मिटून प्यायली. सिस्टरांना ते दृश्य इतकं गोड वाटलं की डोळे भरून आले. काय ही मैत्री, बाबा असते तर यावर तासभर बोलले असते. उभी हयात मुलांच्या वॉर्डात काढलेली नर्स. मान वाकत नसलेलं तापलेलं मूल दारात आलं की ज्या चहा टाकून धावायच्या, ज्यांनी नव्या पोरींना ओरडून ओरडून शिकवलं होतं, बाकी सगळं विसरा पण आधी हनुवटी छातीला लावून बघा, त्या पायरीवर उभ्या राहून मैत्री बघत होत्या. पारा नॉर्मल. कुठे दुखतंय? कुठेच नाही. जा वर्गात. दुपारी ती बाकावरून पडली तेव्हा अंग धनुष्यासारखं मागे वळलं होतं.

जीपमध्ये तिचं डोकं सिस्टरांच्या मांडीवर होतं. गावचा दवाखाना, तिथून मोठ्या गावचा. मेंदूज्वर निघाला. ती जगली. डॉक्टरांनी वाचवलं असं सगळे म्हणाले, सिस्टरही म्हणाल्या. फक्त ऐकू यायचं बंद झालं, दोन्ही कानांनी, कायमचं. डॉक्टरांनी विचारलं, ताप कधीपासून? मोठ्या बाई म्हणाल्या, “सकाळपर्यंत नव्हता. रोज बघतो आम्ही.” डॉक्टरांनी सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टरांनी मान हलवली. त्यांची मान अगदी सहज हलली. पुढे काही आठवड्यांनी मामा तिला न्यायला आला, कारण ऐकू न येणाऱ्या मुलीला शिकवायची तिथे काही सोय नव्हती. ती पायरीवर पाठमोरी बसून पिशवीची गाठ मारत होती. सिस्टर मागून गेल्या आणि सवयीने, केवळ सवयीने, तोंडातून निघून गेलं: कुठे दुखतंय? ती गाठ मारत राहिली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिने ‘कुठेच नाही’ म्हटलं नाही.

भाचीच्या शाळेच्या फाटकावरचा वॉचमन आडवा आला. “कोण पायजे?” “माझी भाची आहे आत. ताप आहे तिला.” “ताप असता तर घरच्यांनी पाठवलं असतं व्हय?” तो म्हणाला, आणि सिस्टरांच्या चेहऱ्यावर त्याला काय दिसलं कोण जाणे, बाजूला झाला. मैदानावर चुन्याच्या रेघा. रिकाम्या खुर्च्यांवर मुलांची दप्तरं आणि पाण्याच्या बाटल्या. भाची तिसऱ्या रेघेवर उभी होती, हात मागे करून, काठी हातात यायची वाट बघत. शर्यत रिलेची होती, चौघींची. तिचे गाल लाल होते, पण उन्हात सगळ्यांचेच लाल होते. पर्समध्ये फोन वाजायला लागला. सिस्टरांना तो न बघताच कळला. दिलेल्या वेळी वाजणारा, लांबून आलेला. तो वाजत ठेवून त्या चुन्याच्या रेघा तुडवत सरळ मैदानात गेल्या. कुणीतरी शिट्टी वाजवली. “ओ बाई! ओ मावशी! बाजूला व्हा!” खेळाच्या सरांचा आवाज. पहिली मुलगी पळायला लागली होती. सिस्टरांनी भाचीच्या कपाळाला हात लावला. तापलेलं होतं. हात तिथेच चिकटल्यासारखा राहिला.

“आत्या! आत्या, प्लीज! मला काही होत नाहीये! माझ्यामुळे सगळ्या हरतील!”

“मान खाली घाल.”

“काय?”

“हनुवटी छातीला लाव. लाव म्हणते ना!” वॉर्डातला आवाज. कित्येक महिन्यांनी तो गळ्यातून आला. भाचीने घाबरून मान खाली घातली. हनुवटी छातीला टेकली, सहज, कणसासारखी वाकून. सिस्टर तिथेच चुन्यात बसल्या. साधा ताप. दोन दिवसांत उतरणारा, लाड करून घेण्याचा ताप. दुसरी मुलगी काठी घेऊन आली आणि समोरचं दृश्य बघून नुसतीच उभी राहिली. बाकीच्या संघांच्या मुली पळत पुढे निघून गेल्या.

शाळेच्या आजारी खोलीत एक खाट होती, खाटेवर पांढरी चादर, कोपऱ्यात पंखा. तिथली बाई भाचीला झोपवून म्हणाली, “आईला फोन करते. आता काय, घरी जायचं, मस्त झोपायचं, टीव्ही बघायचा. मजा आहे एका मुलीची.” भाची भिंतीकडे तोंड करून मुसमुसत होती. “तू सकाळी काही बोलली नाहीस. मग आत्ताच का आलीस? चीटर.” सिस्टरांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. भाचीने तो झटकला. हात परत ठेवला. झटकला नाही. बाई फोन करायला बाहेर गेली, आणि पर्समधला फोन पुन्हा वाजला.

“विसरलात की काय मला?” मोठ्या बाईंचा आवाज, मागे मुलांचा गलका. “सांगा आता. येताय ना?”

“रांग कशी आहे?” सिस्टरांनी विचारलं. ती परकी भाषा या खोलीत विचित्र वाजली. भाचीने कान टवकारले.

“लहान झालीय. नवी नर्स आहे, हुशार, नियमाची पक्की. थर्मामीटर काखेत लावते.” मग हळू आवाजात, “अर्ध्या गाद्यांवर नवी मुलं आहेत.”

काखेत. पाण्याचा उपयोग नाही. सिस्टरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. “तुम्हांला माहीत होतं?”

“माझ्या खिडकीतून नळ दिसतो, बाई.”

“मग थांबवलं का नाही? डॉक्टरांनी विचारलं तेव्हा...”

“तुम्ही का नाही थांबवलं?” त्यात राग नव्हता. “नियम चुकीचा नाही. मी पुरलीत मुलं. पण तो मी मोडला तर शाळा बंद होते. तुम्ही मोडलात तर फक्त तुम्ही जाता. असं वाईट बोलायला मला आवडत नाही, पण फोनला पैसे पडतात.”

“ती कुठे आहे?”

कोण, असं या वेळी मोठ्या बाईंनी विचारलं नाही. “भट्टीवर. मी जाऊन आले. मामा खूश आहे. म्हणतो, सगळ्यांत चांगलं काम करते, बडबडीत लक्ष जात नाही.”

पंख्याचं पातं फिरत होतं. चादरीवर भाचीच्या बुटांची माती पडली होती, सिस्टर ती बोटाने एका जागी गोळा करत राहिल्या. नाही म्हटलं तर काखेतला थर्मामीटर एकेका मुलाला त्या ट्रकमध्ये बसवत राहणार. हो म्हटलं तर पुन्हा ती पायरी, पुन्हा तो नळ, पुन्हा ते ‘बहुतेक’. बाबा इथे काय म्हणाले असते? ते ओळीवर परत आले असते. पण बाबांनी ओळ देवाला म्हटली होती. देवाची चूक होत नाही असं त्यांना वाटायचं.

“येते,” सिस्टर म्हणाल्या. “पण रांगेत आधी मान बघणार. प्रत्येकाची. थर्मामीटर नंतर.”

“आणि मान वाकली नाही तर?”

“तर त्याच क्षणी जीप. घरी नाही, दवाखान्यात. चावी माझ्याकडे राहील.”

“आणि वाकली तर?”

सिस्टरांनी गोळा केलेली माती चिमटीत उचलली. एक मान त्यांनी पाहिली नव्हती. आता सगळ्या पाहिल्या तरी ती वाकणार नव्हती. उरलेला सगळा जन्म त्या रांगेपुढे उभ्या राहिल्या तरी भट्टीवर मागून मारलेली हाक कुणाला ऐकू जाणार नव्हती.

“वाकली तर नळ आहेच,” त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

भाची कुशीवर वळून त्यांच्याकडे बघत होती. रागाची जागा आता कुतूहलाने घेतली होती. आत्याला रडताना तिने कधी पाहिलं नव्हतं. आत्या म्हणजे इतरांचे डोळे पुसणारं माणूस. तिने तापलेला, घामेजलेला हात चादरीबाहेर काढून सिस्टरांच्या कपाळावर ठेवला, अगदी मोठ्या माणसाच्या ऐटीत.

“आत्या, काय झालं? कुठे दुखतंय?”

“कुठेच नाही,” सिस्टर म्हणाल्या. त्या भाषेत.